गरम झाल्यावर जुनी गाडी स्टार्ट का होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, ॲम्बॅसेडर, कार्ब्युरेटरची मारुती ८०० आणि झेन, सुरुवातीच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्या आणि जुनी डिझेल वाहनं सांभाळणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी मुळातले प्रश्न आहेत, अपवाद शेवटी. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सकाळी पहिल्या सेल्फला गाडी चालू होते. दादरला भाजी घ्यायला पंधरा मिनिटं बंद केली की मग उचलतच नाही. असं का?

इंजिन चालू असताना पाणी फिरत असतं, पंखा हवा ओढत असतो आणि पंपातून ताजं, त्यामानाने थंड पेट्रोल येत असतं. चावी बंद केली की हे सगळं एकदम थांबतं. हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये साठलेली उष्णता मग कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप, कॉइल आणि सेल्फमध्ये चढते. म्हणून गाडी चालत असताना या भागांचं तापमान जेवढं असतं, त्यापेक्षा ती बंद केल्यावर दहा ते तीस मिनिटांत ते जास्त असतं. पेट्रोलमधले हलके घटक ३५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, आणि मे महिन्यात मुंबईतली बाहेरची हवाच तेवढी गरम असते.

दोन मिनिटांत परत चावी मारली तर चालू होते, पंधरा मिनिटांनी होत नाही, तासाभराने पुन्हा होते. हा क्रम दिसला तर दोष उष्णतेशी जोडलेला आहे हे नक्की. मात्र तो पेट्रोलचा आहे, करंटचा आहे की सेल्फचा, हे एवढ्यावरून कळत नाही.

२. मेकॅनिककडे नेईपर्यंत गाडी थंड होते आणि तिथे व्यवस्थित चालू होते. मग दोष सापडणार कसा?

गाडी बंद पडली त्याच जागी सापडेल. थंड गाडीवर केलेली तपासणी या दोषासाठी निरुपयोगी आहे. कॉइल, पंप, कार्ब्युरेटर असं एकेक बदलत जाऊन पैसे जातात ते याचमुळे. गाडी उचलत नसेल तेव्हा पुढच्या पाच मिनिटांत चार गोष्टी बघून लिहून ठेवा.

पहिली, सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो, की जड किंवा अडखळत? जड असेल तर प्रश्न ३, अडखळत असेल तर प्रश्न ४ कडे जा, बाकीचं सध्या बाजूला ठेवा. दुसरी, बोनेट उघडल्यावर कच्च्या पेट्रोलचा वास येतो का? तिसरी, एअर फिल्टरचं झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्च मारा आणि इंजिन बंद ठेवूनच हाताने एक्सलरेटरची तार एकदा ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडते का ते बघा. चौथी, प्लगला करंट येतो का (प्रश्न ८).

यासाठी गाडीत एक जादा प्लग, टॉर्च, साधा मल्टिमीटर, सुती फडकं, पाण्याची बाटली आणि प्लग पाना असला की पुरे. आणखी एक गोष्ट घ्यायला विसरू नका: अग्निशामक. गरम इंजिनाजवळ पेट्रोलची वाफ असताना करंट तपासायचा असतो. बिडी-सिगारेट दूर ठेवा आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

३. बॅटरी नवीन आहे, तरी गाडी गरम असली की सेल्फ जड फिरतो. कधी नुसता ‘टक्’ आवाज येतो. सेल्फ बदलावा का?

आधी वायर मोजा. या तक्रारीत सेल्फ बऱ्याचदा निर्दोष असतो.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची बारीक प्लस वायर काढून इन्सुलेट करा. एकाने चावी मारायची, दुसऱ्याने मीटर धरायचा. बॅटरीच्या शिशाच्या दोन खुंट्यांवर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, सेल्फ फिरत असताना ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. मग एक टोक प्लस खुंटीवर आणि दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर धरा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. शेवटी एक टोक मायनस खुंटीवर आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त निघालं तर अर्थिंग खराब आहे.

मुंबईत ही शेवटची मोजणीच सर्वांत जास्त दोषी सापडते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली अर्थिंग पट्टी वरून ठाकठीक दिसते. बोल्ट सोडून पट्टी हातात घ्या आणि वाकवा: आतून हिरवट पूड गळते, अर्ध्या तारा बोटानेच तुटतात. खाऱ्या हवेने तांबं खाल्लेलं असतं. थंड इंजिनाला उरलेल्या तारा पुरतात, गरम इंजिनाला पुरत नाहीत. नवी पट्टी लावताना दोन्ही टोकांचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा.

नुसता ‘टक्’ येत असेल तर सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा, विजेने प्लंजर ओढणारा स्विच) बारीक वायरवर व्होल्टेज बघा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे सोलेनॉइड ६० अंशांनी तापला की त्याच्या कॉइलचा रोध जवळजवळ पाव पट वाढतो आणि ओढ कमी होते. त्यात जुन्या इग्निशन स्विचमध्ये आणि लांब वायरमध्ये दोन-तीन व्होल्ट गेले, तर प्लंजर पूर्ण सरकत नाही. चावीची वायर थेट सोलेनॉइडला न देता मधे ३० किंवा ४० अँपिअरचा रिले घालून बॅटरीकडून फ्यूजसह वेगळी प्लस द्या. दोष स्विच-वायरचा असेल तर एवढ्याने तो कायमचा जातो.

हे सगळं मापात असूनही सेल्फ जड असेल तरच तो उतरवा. पुढचे-मागचे बुश झिजले की आर्मेचर तापल्यावर पोल शूला घासतं, तिथे घासल्याची चकाकी दिसते. बुश आणि कार्बन ब्रश बदलून काम भागतं. आर्मेचर जळलेलं नसेल तर नवीन सेल्फची गरज नाही.

४. सेल्फ जड नाही, पण गरम असताना फिरता फिरता अडखळतो, जणू उलटा धक्का बसतो. हे काय आहे?

टायमिंग जास्त ॲडव्हान्स आहे. पिस्टन वर येण्याआधीच स्फोट होतो आणि तो इंजिनाला उलटं ढकलतो. तपासणी सोपी आहे: कॉइलची बारीक प्लस वायर काढा आणि सेल्फ मारा. आता सेल्फ सरळ, एकसारखा फिरला तर टायमिंग लाइटने टायमिंग कंपनीच्या मापावर आणा. डिस्ट्रिब्यूटरमधल्या (प्लगना करंट वाटणारा भाग) ॲडव्हान्स वजनांच्या स्प्रिंगही बघा. त्या सैल किंवा तुटलेल्या असतील तर टायमिंग कितीही बसवलं तरी पुन्हा चुकतं. पिकअप वाढावा म्हणून कुणीतरी डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवून ठेवलेला असणं, हे यामागचं नेहमीचं कारण.

५. सेल्फ मस्त फिरतो, पेट्रोलचा वास येतो, काळे प्लग ओले निघतात. काय करावं?

गाडी फ्लड झाली आहे. गाडी बंद केल्यावर कार्ब्युरेटरच्या बाउलमधलं पेट्रोल उकळतं आणि मेन जेटमधून मॅनिफोल्डमध्ये टपकतं. टॉर्च मारून दोन मिनिटं बघत बसलात तर ते दिसतं: व्हेंचुरीच्या मधल्या नळीच्या टोकावर थेंब जमतो, थरथरतो, खाली थ्रॉटलच्या पत्र्यावर पडतो, आणि पत्रा ओला चमकत राहतो.

त्या क्षणी गाडी चालू करायची असेल तर चोक पूर्ण आत आहे ना ते बघा, एक्सलरेटर तळापर्यंत दाबून धरून ठेवा आणि सेल्फ मारा. पंप करू नका. प्रत्येक वेळी पाय मारला की आणखी पेट्रोल आत जातं. पाच ते आठ सेकंद सेल्फ, मग अर्धा मिनिट विश्रांती.

कायमचा उपाय करताना या क्रमाने जा. फ्लोट लेव्हल मापापेक्षा वर आहे का? नीडल व्हॉल्व्हच्या टोकावर खाच पडली आहे का? चोकचा पत्रा पूर्ण उघडतो का, की तार अडकते? कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये काळ्या बॅकेलाइटचा जाड ठोकळा आहे का? हा ठोकळा उष्णता अडवण्यासाठीच असतो. कार्ब्युरेटर काढताना तो तुटला म्हणून नुसतं कागदी गॅस्केट बसवलेल्या गाड्या सर्रास दिसतात, आणि त्रास नेमका त्या कामानंतर सुरू झालेला असतो. एक्झॉस्टवरचा पत्र्याचा हीट शील्डही असाच ‘खडखडतो’ म्हणून काढून टाकलेला असतो. दोन्ही परत बसवा.

६. वास अजिबात नाही आणि तार ओढली तरी कार्ब्युरेटरमध्ये धार उडत नाही. हे फ्लडिंगच्या उलट आहे का?

हो, हे व्हेपर लॉक, म्हणजे लाइनमध्ये पेट्रोलची वाफ अडकली आहे. जुन्या गाड्यांचा यांत्रिक पंप, ज्याला गॅरेजमध्ये एसी पंप म्हणतात, इंजिन ब्लॉकलाच बसवलेला असतो. तो टाकीकडून पेट्रोल ओढतो, आणि ओढीच्या बाजूला दाब कमी असल्याने तिथे पेट्रोल आणखी लवकर उकळतं. डायाफ्राम मग पेट्रोलऐवजी वाफच दाबत राहतो.

पंपावर ओलं फडकं गुंडाळण्याची टॅक्सीवाल्यांची जुनी पद्धत बरोबर आहे आणि ती तपासणीसाठीही वापरा. फडक्यानंतर दोन-तीन मिनिटांत धार सुरू झाली तर निदान पक्कं. धार नाहीच आली तर पंपाचा डायाफ्राम, व्हॉल्व्ह किंवा फिल्टर तपासा.

टाकी ते पंप या भागातली रबरी नळी कडक झाली, भेगा पडल्या की बाहेर गळती न दिसताही हवा आत ओढली जाते. वाफेचा त्रास त्याने कितीतरी पटीने वाढतो. प्लास्टिकचा फिल्टर एक्झॉस्टजवळ लटकत असेल तर तो टाकीच्या बाजूला हलवा. पाइप ब्लॉकला टेकत असेल तर बोटभर अंतर ठेवून क्लिप लावा. मारुती ८०० सारख्या गाड्यांना टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन असते. ती वाफ बाहेर काढते. ती चेपलेली किंवा बुच मारून बंद केलेली नाही याची खात्री करा.

७. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून त्रास वाढला. खरंच संबंध आहे का?

कार्ब्युरेटरच्या गाडीत आहे. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमधल्या हलक्या घटकांशी मिसळल्यावर ते मिश्रण त्याहून कमी तापमानाला उकळू लागतं. शिवाय २० टक्के मिश्रणाला जळायला हवा थोडी कमी लागते. जेट जुनेच असल्याने गाडी ‘लीन’ (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते आणि अधिक तापते. जुन्या रबरी नळ्या, डायाफ्राम आणि फ्लोटच्या नीडलचं रबर फुगतं किंवा कडक होतं, हा तिसरा परिणाम.

सगळ्या रबरी नळ्या आणि पंप-कार्ब्युरेटरचं किट इथेनॉल चालणाऱ्या रबराचं घ्या. प्रश्न ५ मधला ठोकळा आणि शील्ड तपासा. मेन जेट एक नंबर मोठा करायचा की नाही, हे प्लगचा रंग बघूनच ठरवा: पांढरट असतील तर करा, तपकिरी असतील तर हात लावू नका. पावसाळ्यात महिनोन्महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतली ओल खेचतं.

८. पेट्रोल येतंय, सेल्फ फिरतोय. करंट गरम असताना जातो का, हे कसं बघायचं?

जादा प्लग एका प्लग वायरला लावा, त्याचा धातूचा भाग क्लिपने इंजिनाला अर्थ करा आणि तो कार्ब्युरेटरपासून लांब ठेवा. सेल्फ मारल्यावर निळी, ‘टक टक’ वाजणारी ठिणगी हवी. पिवळी आणि बारीक असेल किंवा मधे मधे गळत असेल तर दोष करंटचा आहे.

पॉइंटच्या गाडीत (डिस्ट्रिब्यूटरमध्ये उघडझाप करणारे संपर्क असलेल्या) पहिला संशय कंडेन्सरवर घ्या. तो स्वस्त आहे, एका स्क्रूवर आहे आणि तापल्यावर सुटणारा भाग म्हणून कुप्रसिद्ध आहे. तो खराब असेल तर डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडून सेल्फ मारल्यावर पॉइंटमध्ये मोठ्या ठिणग्या उडताना दिसतात. गाडी गरम असतानाच खात्रीचा कंडेन्सर लावून बघा. पॉइंटचा गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिमी असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या.

नंतर कॉइल. इग्निशन बंद करून तिच्यावर ओलं फडकं ठेवा. थंड झाल्यावर करंट परत आला तर तीच दोषी. पण नवी कॉइल लावण्याआधी जुनी का जळली ते बघा. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा रोध) नसलेल्या गाडीला साधारण ३ ओहमची कॉइल लागते, बॅलास्टवाल्या गाडीला दीड ओहमची. दुकानातून चुकून दीड ओहमची आली आणि थेट १२ व्होल्टवर लावली, तर ४ ऐवजी ८ अँपिअर ओढते, उकळते, आणि पॉइंटही जाळते. कॉइल घेताना मीटर सोबत न्या.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर डिस्ट्रिब्यूटरवरचं मोड्यूल आणि पिकअप कॉइल हे गरम असताना सुटणारे दोन भाग. मोड्यूलखाली थर्मल पेस्ट वाळलेली असते. जुनी पूर्ण पुसून नवी लावा.

९. सेल्फ मारत असताना इंजिन पेटतं, पण चावी सोडली की लगेच बंद. हे गरम असतानाच का?

बॅलास्ट रेझिस्टर किंवा त्याची वायर तापल्यावर तुटते. सेल्फच्या स्थितीत कॉइलला थेट वीज मिळते म्हणून इंजिन पेटतं, चावी सुटली की वीज रेझिस्टरमधून जायची असते आणि तिथे रस्ता बंद असतो. इग्निशन स्विचचा ‘ऑन’ संपर्कही असाच वागू शकतो. चावी ऑनवर ठेवून कॉइलच्या प्लसवर व्होल्टेज मोजा.

१०. सेल्फने नाही, पण धक्का मारला की अर्ध्या फेरीत चालू होते. मग सेल्फच खराब ना?

सेल्फ अति वीज खात असेल तर त्याने बॅटरी खाली ओढली जाते आणि कॉइलला ८-९ व्होल्टच उरतात. धक्क्यात ती सगळी वीज कॉइलला मिळते. सेल्फ फिरत असताना कॉइलच्या प्लसवर मीटर धरा. व्होल्टेज कमी असेल तर प्रश्न ३, चांगलं असूनही ठिणगी पिवळी असेल तर प्रश्न ८.

११. माझी एमपीएफआय गाडी आहे. वरचं किती लागू पडतं?

प्रश्न ३ पूर्ण, बाकी थोडंच. इथे वाफेचा त्रास कमी असतो, कारण लाइन दाबाखाली असते. म्हणून पहिला प्रश्न असा: गाडी बंद केल्यावर तो दाब टिकतो का? चावी ऑन करा, पंपाचा ‘घूं’ आवाज दोन-तीन सेकंद ऐका, बंद करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर दाब उतरतो आहे: पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळणारा इंजेक्टर. गेज लावून बघा. बहुतेक जुन्या गाड्यांत दाब अडीच ते तीन बार असतो. दहा मिनिटांत तो निम्म्याच्या खाली गेला तर दोष तिथेच. इंजेक्टर गळत असेल तर सोबत पेट्रोलचा वास आणि सुरुवातीला काळा धूर असतो. ही लाइन दाबाखाली असते, गरम इंजिनावर ती उघडू नका.

दुसरा संशय पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. गाडी गरम असूनही तो ‘थंड’ सांगत असेल तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल टाकतो. नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना दोन ते तीन किलो-ओहम आणि ८० अंशांना साधारण ३०० ओहम असतो. गरम इंजिनावर हजारांत आकडा आला की बदला.

तिसरा क्रँक सेन्सर. तो गरम झाल्यावर सुटला की ठिणगी आणि इंजेक्टर दोन्ही एकदम बंद होतात. स्कॅनर लावून सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसत असेल तर हाच.

१२. सीएनजी किट आहे. पंपावरच्या रांगेत इंजिन बंद करावं लागतं आणि नेमकी तिथेच गाडी अडते.

रांगेतली पंधरा-वीस मिनिटं म्हणजे प्रश्न १ मधली नेमकी सर्वांत वाईट वेळ. त्यात गाडी पेट्रोलवर स्टार्ट होऊन गॅसवर जात असेल तर पेट्रोलची लाइन एरवी पडूनच असते. कार्ब्युरेटरचा बाउल सुकलेला असतो, जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसलेला असतो. रोज दोन-चार किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

गॅसवर स्टार्ट करतानाच त्रास असेल तर दोन जागा बघा. गॅसला पेट्रोलपेक्षा जास्त ताकदीची ठिणगी लागते, त्यामुळे प्रश्न ८ मधला कमकुवत कॉइल गॅसवर आधी उघडा पडतो. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम पाण्यावर चालतो. त्याचा डायाफ्राम कडक झाला असेल तर इंजिन बंद असतानाही गॅस मॅनिफोल्डमध्ये झिरपतो. गॅसचा वास आला तर ते काम फक्त अधिकृत सीएनजी केंद्रातच करून घ्या.

१३. डिझेल गाडी थंड असताना चांगली, गरम असताना लांब सेल्फ घेते. ग्लो प्लग बदलले, फरक नाही.

पडणार नाही. ग्लो प्लग थंड इंजिनासाठी असतात. जुन्या यांत्रिक पंपात प्लंजर किंवा रोटर झिजलेला असतो. डिझेल तापून पातळ झालं की ते फटीतून मागे सुटतं आणि सेल्फच्या कमी वेगात नोझल उघडण्याइतका दाब होत नाही. पंपाच्या अंगावर ओलं फडकं पंधरा मिनिटं ठेवा. चालू झाली तर पंप कॅलिब्रेशनला पाठवा. थेट थंड पाणी ओतू नका, तापलेला पंप जाम होऊ शकतो. सेल्फचा वेग कमी असेल तर निरोगी पंपही असाच वागतो, म्हणून आधी प्रश्न ३.

कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत) दाब कमी पडण्याचं पहिलं कारण इंजेक्टरची रिटर्न गळती. चारही रिटर्न नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून मोजा, जी बाटली आधी भरते तो इंजेक्टर दोषी.

१४. सगळं तपासलं. लांब पल्ल्यावर पनवेल ओलांडलं की बंद पडते, अर्ध्या तासाने चालू होते. उष्णता नसेल तर काय?

टाकीचं झाकण उघडून बघा. ‘सूंऽऽ’ असा हवा आत जाण्याचा आवाज आला तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं आहे. पेट्रोल जसं संपतं तशी टाकीत पोकळी तयार होते, पंप ओढू शकत नाही, आणि उभी राहिल्यावर हवा हळूहळू शिरते. अगदी व्हेपर लॉकसारखं दिसतं. पुढच्या वेळी बंद पडली की बोनेटला हात लावण्याआधी झाकण सैल करा आणि सेल्फ मारा.

१५. पेट्रोल, करंट, सेल्फ तिन्ही ठीक असतील तर?

कम्प्रेशन बघा, तेही गरम असताना, सगळे प्लग काढून, एक्सलरेटर पूर्ण उघडा ठेवून. टॅपेट घट्ट असतील, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट कमी असेल, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि थंड असताना चांगलं आलेलं माप गरम असताना कोसळतं. सिलिंडरांमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक किंवा १०० पीएसआयच्या खाली आकडा दिसला तर आधी टॅपेट सेट करून पुन्हा मोजा.

चालू होताना एक सिलिंडर अडखळतो, पांढरा धूर येतो आणि पाणी कमी होतं? मग हेड गॅस्केट. गाडी बंद केल्यावर दाबातलं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. अशा गाडीला वारंवार सेल्फ मारू नका; सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, सेल्फ फिरवून पाणी बाहेर काढा आणि गाडी टो करून न्या.

१६. पद्मिनी, ॲम्बॅसेडरचे भाग मिळतात का? डुप्लिकेट ओळखायचे कसे?

ऑपेरा हाऊस भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारा. जुना भाग सोबत न्या, नावावर घेऊ नका. कॉइल मीटरवर मोजून घ्या. बॅकेलाइटचा ठोकळा गॅस्केटशी जुळवून भोकं तपासा. कार्ब्युरेटर किटमधली नीडल नखावर ओढून बघा, टोक गुळगुळीत हवं. कंडेन्सरचे दोन नग घ्या, एक बसवा आणि दुसरा चालतो हे लगेच गाडीला लावून तपासा. मग तो स्क्रू ड्रायव्हरसह डॅशबोर्डच्या खणात ठेवा.